डावाच हात

प्रश्न अव्वाला विचारला होता आणि उत्तर मी दिलं. गोष्ट एवढीच आहे, पण ती मला अजून नीट सांगता येत नाही. कुणी ऐकायला बसलं की मी भलतीकडूनच सुरुवात करते आणि शेवटी स्वतःची बाजू मांडत राहते. म्हणून या वेळी लिहून काढते आहे.

लातूरला मी एका कोचिंग क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते. डॉक्टर व्हायला निघालेली मुलं आमच्याकडे येतात आणि चार पर्यायांतला बरोबर पर्याय कमीत कमी सेकंदांत कसा ओळखायचा, हे आम्ही त्यांच्याकडून घोटून घेतो. वीस वर्षं हेच केल्यावर माणूस घरीही तसाच होतो. समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर आलं की माझं उत्तर तयार. नवरा म्हणतो, तुझ्याशी भांडायलाही मजा येत नाही, माझी बाजूसुद्धा तूच मांडतेस.

आईला आम्ही अव्वा म्हणतो. तिचं माहेर उदगीरच्या पलीकडचं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून, तिथून हा शब्द आला. वडील गेल्यावर ती उदगीरचं घर बंद करून माझ्याकडे राहायला आली. बोलणं मुळातच कमी. त्यात लेक अशी तोंडाळ, तेव्हा तिला बोलायची वेळ क्वचितच यायची.

आमचं घर लिंगायताचं. लहानपणी दीक्षेत मिळालेलं इष्टलिंग अव्वाच्या गळ्यात चांदीच्या डबीत कायम असे. रोज सकाळी आंघोळ झाली की कपाळाला विभूती लावून ती ते बाहेर काढायची आणि डाव्या तळहातावर ठेवायची. उजव्या हातानं पाणी घालायची, बेलाचं पान वाहायची. मग तो तळहात डोळ्यांसमोर धरून लिंगाकडे टक लावून बसायची. ते होईपर्यंत पाण्याचा घोटही घ्यायची नाही. घरातल्या गडबडीत मन लागत नाही म्हणून खोलीचं दार लोटून घ्यायची. लिंग मलाही मिळालं होतं. कॉलेजात असताना मी ते गळ्यातून काढून कपाटात ठेवलं आणि ते तिथंच राहिलं. अव्वा त्यावर एका शब्दानं बोलली नाही.

तिच्या डाव्या छातीत गाठ निघाली, तेव्हा ती चौसष्ट वर्षांची होती. नांदेडला ऑपरेशन झालं. स्तन काढला, काखेतल्या गाठी काढल्या, मग केमो झाली आणि विजेचा शेक झाला. भेटायला येणारं प्रत्येक माणूस एकच गोष्ट सांगून धीर द्यायचं. "डावाच हाय, बरं झालं. देवानं उजवा हात तरी ठेवला." मीसुद्धा फोनवर सगळ्यांना हेच सांगत होते. अव्वा ऐकून मान हलवायची.

हात राहिला, पण कामाचा राहिला नाही. खांद्यापासून बोटांपर्यंत सूज आली, उशी भरावी तसा तो भरून आला. केमोमुळं दोन्ही हातांच्या बोटांची जाणीव गेली होती, त्यातही डाव्याची जास्त. ब्लाउजचे हुक लागेनात. एकदा तर तव्याला बोट लागलं आणि ते तिला वासावरून कळलं. हे सांगितल्यावर डॉक्टरांनी आम्हाला नांदेडच्या त्याच हॉस्पिटलात, तळमजल्यावरच्या एका खोलीत पाठवलं. दारावर पाटी होती, व्यवसायोपचार. मी नवऱ्याला फोन करून म्हणाले, या वयात अव्वाला नोकरी लावणार आहेत की काय, बघते.

आतली थेरपिस्ट माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची होती. किनवटकडची, आश्रमशाळेत राहून शिकलेली, पुढं नागपूरला गेलेली. टेबलावर बुद्धाची वीतभर मूर्ती, कोपऱ्यात एक खोटं स्वयंपाकघर, ओटा, शेगडी, नळ. एका फळीवर कड्या, कुलपं, बटणं, हुक ठोकून ठेवलेले. तिनं अव्वाला सांगितलं, फिजिओथेरपीवाले हात हलता करतात. तो हात घेऊन तुम्ही दिवसभर काय करता, हे बघायचं काम माझं. मग कागद पुढं ओढला आणि विचारलं, "मावशी, समजा ह्या हातानं एकच काम परत यायला पायजे, तर कोणतं?"

अव्वानं डावा हात मांडीवरून उचलला. तळहात वर केला आणि त्याच्याकडे बघितलं. हे मला आज अगदी स्वच्छ दिसतं. तेव्हाही दिसलंच होतं, कारण मी शेजारीच बसले होते. ती काहीतरी बोलणार होती.

"भाकरी," मी म्हणाले. "हिच्या हातच्या ज्वारीच्या भाकरीला तोड नाही. स्वयंपाकघराशिवाय हिला करमतच नाही."

थेरपिस्टनं पेन उचललं नाही. तिनं अव्वाकडे बघून विचारलं, "भाकर का, मावशी?"

अव्वानं माझ्याकडे बघितलं. "हाव," म्हणाली, "भाकर."

मग आम्ही भाकरीच्या मागं लागलो. दर पंधरा दिवसांनी लातूरहून एसटीनं नांदेड, अहमदपूर-लोहामार्गे, पिशवीत ज्वारीचं पीठ घेऊन. हात खाली लोंबू नये म्हणून मी खिडकीच्या दांडीला ओढणी बांधून त्याला झोळी करायचे. तिकडे थेरपिस्ट बोटांपासून वर खांद्यापर्यंत पट्ट्या कशा गुंडाळायच्या ते मला शिकवायची. जमिनीवर बसून थापायचं नाही, ओट्याशी स्टुलावर बसायचं. पीठ एकदम मळायचं नाही, एका भाकरीपुरतं घ्यायचं. तव्यावरच्या भाकरीला हातानं पाणी फिरवायचं नाही, फडक्याची पुरचुंडी भिजवून फिरवायची. मी हे सगळं वहीत उतरवून घेत होते आणि घरी आल्यावर अव्वाकडून परीक्षेसारखं करून घेत होते. ती मुकाट्यानं करायची. भाकरी फाटायची, तुटायची, ती पुन्हा गोळा करायची. दुपारी दमून पडायची. मला वाटायचं, किती जिद्दीची आहे माझी आई.

तिसऱ्या महिन्यात भाकरी झाली. जरा जाड, एका कडेला चिरलेली, पण फुगली. मला रडू आलं. मी फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, भराभर हात जोडल्याची चित्रं आली आणि कुणीतरी लिहिलं, बघा, डाव्यानं काही अडलं न्हाई. अव्वाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तू खा गरम गरम." मी खाल्ली. तिनं स्वतः खाल्ली नाही. तो सोमवार होता.

सोमवारचं सांगायला हवं. त्या महिन्यांत अव्वा मधूनच जेवण टाळायची. मळमळतंय म्हणायची. मी चिडायचे. केमो कधीच संपली, आता कसली मळमळ, असं करशील तर अंगात ताकद कुठून येणार, असलं सगळं सुनवायचे. ही मळमळ दर सोमवारीच येते, हे जीवशास्त्र शिकवणाऱ्या बाईच्या लक्षात आलं नाही.

सातव्या खेपेला मी मोठ्या दिमाखात डब्यात भाकरी घालून नेली. थेरपिस्टनं ती मोडून खाल्ली, छान म्हणाली. मग अव्वाला म्हणाली, "मावशी, आता सकाळी उठल्यापासून काय काय करता ते मला करून दाखवा. नुसतं हवेत. घाई न्हाई."

अव्वानं चादर बाजूला केल्यासारखं केलं. मी म्हणाले, "आधी पट्टी सोडते." तिनं नळ उघडल्यासारखं केलं. मी म्हणाले, "ब्रश मी पेस्ट लावून ठेवते." थेरपिस्ट माझ्याकडे वळली. "मॅडम, तुम्ही जरा भायेर बसता का? चहा चांगला मिळतो कोपऱ्यावर."

मला असा राग आला म्हणता! वीस वर्षं मी पोरांना वर्गाबाहेर काढत आले, मला कुणी काढलं नव्हतं. चहाला गेले नाहीच. बाकावर बसून मोबाइल उघडत मिटत राहिले. अर्ध्या तासानं दार उघडलं. आत अव्वा रडत होती. वडील गेले तेव्हाही ती लोकांसमोर रडली नव्हती.

"सांगा मावशी तुम्हीच," थेरपिस्ट म्हणाली.

अव्वा खाली बघून बोलली. "लिंग धरता येत न्हाई मला. हात वाकडा होतो. हातात हाय का पडलं, ते बी कळत न्हाई बोटाला." मग थांबून म्हणाली, "केमोच्या टायमाला एकदा पडलं. गडगडत कॉटखाली गेलं. मला वाकता येईना. तू क्लासला गेल्ती. झाडूच्या दांड्यानं वढून काढलं गं. झाडूच्या."

तेव्हापासून ती लिंग स्टीलच्या वाटीत ठेवून पूजा करत होती, दार लोटून. रोज गळ्यापाशी असणारं, तळहातावर बसणारं ते वाटीत ठेवताना तिला काय होत असेल, हे मला आता लिहितानाही नीट कळत नाही. त्या झाडूपायी सोमवारी अन्न सोडलं होतं. आणि मी तिला मळमळीवरून बोलत होते.

"मला का सांगितलं नाहीस?" मी विचारलं. त्यातही आवाज चढलाच.

"तू भाकर म्हणलीस," अव्वा म्हणाली. "म्हणलं, आधी लेकीचं होऊ द्यावं. मग आपलं सांगावं."

त्या दिवशी परतीच्या एसटीत मला तिची माफी मागायची होती. लोहा गेलं, अहमदपूर गेलं. माफीऐवजी मी तिला तीनदा पाणी पी म्हणाले. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "पेले गं," आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली.

पुढच्या खेपेपासून कागदावर नवीन काम आलं. थेरपिस्टनं आधीच सांगून टाकलं, "मावशी, मी लिंगाला हात लावणार न्हाई. माप तेवढं दावा." अव्वानं डबी न उघडता उजव्या हाताच्या बोटांनी मोठ्या बोराएवढं माप दाखवलं. थेरपिस्टनं व्यायामाच्या निळ्या मातीचा तेवढाच गोळा केला आणि त्यावर सराव सुरू झाला. मनगट एका बाजूला कलायचं, म्हणून तिनं गरम पाण्यात मऊ होणाऱ्या प्लॅस्टिकचा आधार केला, तळहाताखाली वाटीसारखा. अव्वानं तो घातला आणि लगेच काढला. "मधी प्लॅस्टिक आलं की. हाताला लागाय पायजे त्ये." मग थेरपिस्टनं दुसरा केला. तो मनगटावरून हाताच्या पाठीला धरून राहायचा आणि तळहात पूर्ण मोकळा. बांधायला चामड्याची पट्टी होती, तीही अव्वाला चालेना. थेरपिस्ट हसली, म्हणाली, मावशी, सासू म्हणून तुम्ही लई कडक असत्या. शेवटी अव्वाच्या जुन्या सुती लुगड्याचा काठ कापून त्याची पट्टी शिवली. कोपराखाली पाट, पाटावर उशी. आधी गोळा एक मिनिट धरायचा, मग दोन.

बोटांना कळत नाही, त्याचं काय करायचं, हा प्रश्न उरला होता. थेरपिस्ट म्हणाली, "जे बोटाला कळत न्हाई ते डोळ्यानं धरायचं, मावशी. नजर हलू द्यायची न्हाई."

अव्वा किती दिवसांनी हसली. "अगं, ते तर आमचं रोजचंच हाय." मग टेबलावरच्या मूर्तीकडे बघून म्हणाली, "तुमचे डोळे मिटून बसतेत न्हवं का?"

"हाव, आमचे मिटून, तुमचे उघडून," थेरपिस्ट म्हणाली, आणि दोघी हसल्या. मी त्या हसण्यात नव्हते. पण त्या दिवशी मी पहिल्यांदा मधे काही बोललेही नाही.

आणि तेवढ्यात तपासणीचा रिपोर्ट आला. आजार यकृतात आणि पाठीच्या हाडांत पोचला होता. डॉक्टर माझ्याशी बोलले ते मी मुलांना रोज शिकवते त्याच शब्दांत होतं, त्यामुळं समजून न समजल्यासारखं करायची सोयही राहिली नाही. मी तळमजल्यावर गेले आणि थेरपिस्टला म्हणाले, "आता या सगळ्याचा काय उपयोग?"

ती निळ्या मातीचे गोळे डब्यात भरत होती. "मॅडम," ती म्हणाली, "आता तर घाईच करावी लागंल."

त्या वाक्यानं मी हिशेब करायला लागले आणि तो हिशेब आजपर्यंत सुटलेला नाही. तीन महिने. अव्वाच्या अंगात जेव्हा ताकद होती, ते तीन महिने मी भाकरीवर घालवले. भाकरी करायला घरात बाई येत होती. भाकरी मलाही येत होती.

दोन आठवड्यांनी एका सकाळी अव्वाच्या खोलीतून हाक आली. "ये. बघ." दार उघडं होतं. ती खुर्चीवर बसली होती, कोपर उशीवर, मनगटाला लुगड्याचा काठ. आणि सुजलेल्या तळहाताच्या मधोमध लिंग होतं. काळं, ओलं. तिनं उजव्या हातानं पाणी घातलं, ते मनगटावरून वाहून पट्टी भिजली. बेलाचं पान वाहिलं. मग हात डोळ्यांसमोर आणला. थरथरत होता, पण कलला नाही. मला हाक मारून बोलावलं होतं तरी थोड्या वेळानं मी तिथं आहे हे ती विसरून गेली. तिच्या चेहऱ्यावरचा आजार त्या वेळापुरता कुठं गेला, मला सांगता येत नाही. मी दाराशी उभी राहून रडत होते आणि नाक ओढायचीही भीती वाटत होती.

अशा नऊ सकाळी मिळाल्या. सहाव्या सकाळपासून उशीही पुरेना, तेव्हा कोपराखाली मी माझा हात धरला. लिंगाला माझा स्पर्श नको, म्हणून फक्त कोपर. त्या हाताचं वजन मला अजून जाणवतं. नवव्या दिवशी तिनं पूजा आटोपून डबी बंद केली आणि म्हणाली, "बास आता. झालं माझं." सोमवार होता. त्या दिवशी ती माझ्या हातची अर्धी भाकरी दुधात कुस्करून जेवली.

त्यानंतर ती उठली नाही. थेरपिस्टचा फोन यायचा. कूस कशी बदलायची, हाताखाली काय ठेवायचं, आखडलेली बोटं कशी उघडायची, ती सांगायची. मनगटाला खालून आधार द्या, आधी करंगळी, मग एकेक. मनगटावरचा तो प्लॅस्टिकचा आधार अव्वानं काढू दिला नाही. पूजा नव्हती तरी तो रोज सकाळी बांधून घ्यायची.

ती गेली, त्या सकाळीही मी तो बांधला होता.

आमच्यात माणसाला बसवून नेतात, आणि त्याचं लिंग त्याच्या डाव्या हातात देतात. जंगम स्वामी आले. अव्वाला भिंतीशी बसवून फुलं घातली, विभूती लावली. स्वामींनी तिच्या गळ्यातली डबी उघडली, पण तिचा हात मिटलेला होता. कुणीतरी ओढून उघडायला गेलं, तेव्हा मी पुढं झाले. मनगटाला खालून आधार दिला. आधी करंगळी, मग एकेक. तळहात उघडला. स्वामींनी त्यावर लिंग ठेवलं, आणि ते बसलं.

मग त्यांनी मनगटावरच्या त्या प्लॅस्टिककडे आणि लुगड्याच्या काठाकडे बघितलं. "हे काढायचं का ठेवायचं?" त्यांनी विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी अव्वाकडे बघितलं. ती सांगेल म्हणून मी थांबले. आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्या उत्तरासाठी इतका वेळ थांबले होते. स्वामींनी पुन्हा विचारलं.

"असू द्या," मी म्हणाले. बरोबर सांगितलं का, मला माहीत नाही.